८५८व्या जागेवरचं एक अमिनो आम्ल : सोडियम चॅनेल वेळेआधी उघडलं तर

प्रकरण असं. लहानपणापासून तळपायांची आणि तळहातांची भयंकर आग होते. झटका आला की कातडी लालबुंद होते, हाताला गरम लागते, थोडी सूजते. काही मिनिटांत उतरलं तर नशीब, नाहीतर तासन्‌तास चालतं. उबदार खोली, पायमोजे, थोडंसं चालणं, बराच वेळ उभं राहणं, एवढं निमित्त पुरतं. गार पाण्यात पाय बुडवले की आराम पडतो. घरात आई किंवा वडील यांपैकी एकाला आणि त्या बाजूच्या आणखी काही नातेवाइकांना हेच दुखणं असतं.

तपासण्यांत फारसं काही हाती लागत नाही. संसर्ग नसतो, सांध्यांचा आजार नसतो. चेतांमधून (मज्जातंतूंमधून) आवेग, म्हणजे विजेचा संदेश, किती वेगाने जातो हे मोजणारी नेहमीची चाचणीही बहुधा ठीक येते. त्यात नवल नाही. ती चाचणी जाड, वेगवान तंतूंची असते आणि वेदना वाहून नेणारे तंतू बारीक व संथ असतात. तिथला घोळ तिला दिसतच नाही. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, मनावर घेऊ नका’ हे वाक्य अशा रुग्णांच्या वाट्याला का येतं, त्याचं निम्मं उत्तर इथे आहे.

या आजाराला एरिथ्रोमेलाल्जिया हे नाव अमेरिकी चेतातज्ज्ञ सायलास वेअर मिचेल यांनी १८७८ साली दिलं. त्यानंतर शंभरेक वर्षं लालीकडे बघून तो रक्तवाहिन्यांचा आजार समजला गेला. रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट) वाढल्या की होणारा एक प्रकार असतोही, आणि तो ॲस्पिरिनने चांगला आटोक्यात येतो. पण घराण्यात चालत आलेल्या प्रकारावर ॲस्पिरिन चालत नाही. हा फरक पूर्वीपासून माहीत होता, फक्त त्याचा अर्थ लागत नव्हता. २००१ साली हा वारसा दुसऱ्या गुणसूत्राच्या लांब भुजेपर्यंत माग काढत नेला गेला. २००४ साली बीजिंगमधल्या एका गटाने जनुक नक्की केला : एससीएन९ए. एका चिनी कुटुंबातल्या आजारी माणसांमध्ये त्या जनुकात एकच अक्षर बदललेलं होतं, आणि त्यामुळे तयार होणाऱ्या प्रथिनात ८५८व्या जागी ल्युसिनऐवजी हिस्टिडिन आलं होतं. ल्युसिन आणि हिस्टिडिन ही अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतले मणी. या बदलाचं नाव एल८५८एच (एल म्हणजे ल्युसिन, एच म्हणजे हिस्टिडिन). पुढची सगळी चर्चा त्याचीच.

प्रथिन कोणतं, आणि ८५८वी जागा कुठे येते

एससीएन९ए जनुकापासून नॅव्ह १.७ नावाचं सोडियम चॅनेल, म्हणजे सोडियमचे आयन पेशीत येऊ देणारं पेशीपटलातलं दार, बनतं. जवळपास दोन हजार अमिनो आम्लांची ही साखळी पेशीपटलातून चोवीस वेळा आरपार जाते : सहा-सहा फेऱ्यांचे चार भाग, आणि ते चार भाग गोलाकार बसून मधे एक छिद्र करतात. प्रत्येक भागातली चौथी फेरी खास असते. तिच्यात दर तिसऱ्या जागी धनभारित अमिनो आम्ल आहे, बहुतेक ठिकाणी आर्जिनिन. पेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने ऋण असते, विश्रांतीत साधारण उणे ६० मिलिव्होल्ट. त्यामुळे हे धनभार आतल्या बाजूला ओढून धरलेले असतात. आतलं ऋणत्व कमी झालं की ओढ सैल पडते आणि चौथी फेरी बाहेरच्या बाजूला सरकते. तिच्या आणि पाचव्या फेरीच्या मधे एक छोटा जोडदुवा आहे. फेरीचं सरकणं हा दुवा छिद्राच्या दारापर्यंत पोचवतो आणि दार उघडतं.

८५८वी जागा दुसऱ्या भागातल्या याच जोडदुव्यावर येते. म्हणजे बिघाड ना व्होल्टेज ओळखणाऱ्या फेरीत आहे, ना सोडियम जाऊ देणाऱ्या छिद्रात. तो आहे दोघांना जोडणाऱ्या भागात. योगायोग असा की बीजिंगच्या गटाच्या त्याच शोधनिबंधात कुटुंबात कोणालाच आजार नसलेला एक रुग्ण होता, त्याचा बदल (आय८४८टी) वेगळा, पण जागा तीच : दुसऱ्या भागातला जोडदुवा.

मोजमापात काय दिसलं

२००४ सालीच अमेरिकेतल्या एका गटाने (कमिन्स, डिब-हाज आणि वॅक्समन) दोन्ही बदललेली चॅनेलं मानवी मूत्रपिंडापासून वाढवलेल्या पेशींमध्ये बनवून घेतली आणि पॅच क्लॅम्पने मोजली. मूत्रपिंडाच्या पेशी अशासाठी की त्यांच्यात स्वतःची सोडियम चॅनेलं जवळपास नसतात, त्यामुळे दिसतो तो प्रवाह आपण घातलेल्या चॅनेलचाच. पेशीचं व्होल्टेज आपण ठरवायचं, ते एकदम बदलायचं आणि आत येणारा प्रवाह बघत राहायचं, अशी ही पद्धत. हॉजकिन आणि हक्स्ली यांनी १९५२ साली माकुळाच्या जाड अक्षतंतूवरच्या प्रयोगांमधून सोडियम आणि पोटॅशियमचे प्रवाह वेगळे करून दाखवले, तेही याच तत्त्वावर. तेव्हा चॅनेल हे प्रथिन आहे हेही ठाऊक नव्हतं, तरी त्यांची समीकरणं आजही चालतात.

तीन गोष्टी सापडल्या. एक, उघडण्याचा आलेख ऋण बाजूला साधारण १३ ते १४ मिलिव्होल्टने सरकला होता. दोन, व्होल्टेज परत खाली आणल्यावर दार मिटायला जास्त वेळ लागत होता. तीन, व्होल्टेज हळूहळू चढवलं तर मिळणारा प्रवाह नेहमीपेक्षा बराच मोठा होता.

तेरा मिलिव्होल्ट म्हणजे काय? ऐकायला किरकोळ वाटतं. थोडं गणित करू. एकटं चॅनेल एकतर पूर्ण उघडं असतं नाहीतर पूर्ण बंद. अधलंमधलं काही नसतं, आणि तेही आपल्या लहरीने उघड-मीट करत असतं. नेहर आणि साकमान यांनी १९७६ साली एकेका चॅनेलचा प्रवाह टिपला तेव्हापासून हे प्रत्यक्ष बघायला मिळतं : आलेखाची रेषा पायरीसारखी खाली जाते, क्षणभर तिथे थांबते, परत वर येते. पायरी एखाद-दीड पिकोअँपिअरची, म्हणजे सेकंदाच्या हिशेबाने साठ लाखांहून जास्त आयन. व्होल्टेज बदललं की पायरीची उंची थोडीच बदलते; खरा फरक पडतो उघडं सापडण्याच्या शक्यतेत. ही शक्यता व्होल्टेजबरोबर इंग्रजी एस अक्षरासारखी चढत जाते.

अंदाजासाठी आकडे धरू : निम्मी चॅनेलं उणे २५ मिलिव्होल्टला उघडतात आणि चढणीचा मापांक (आलेख किती तीव्रतेने चढतो याचं माप) ७ मिलिव्होल्ट आहे. मग उणे ६० ला साध्या चॅनेलची उघडं असण्याची शक्यता ०.७ टक्के येते आणि १३.५ मिलिव्होल्ट सरकलेल्याची ४.४ टक्के. उणे ५० ला २.७ विरुद्ध १६. उणे २० ला ६७ विरुद्ध ९३. आलेखाच्या वरच्या टोकाला फरक फार नाही. पेशी उत्तेजित झाल्यावर दोघंही उघडतातच. फरक तळाशी आहे. पेशी शांत असते त्या पट्ट्यात सरकलेलं चॅनेल सहापट जास्त वेळा उघडतं. (या हिशेबात चॅनेल निष्क्रिय होण्याची बाजू धरलेली नाही. ती धरली की दोन्ही आकडे खूप खाली येतात, पण कल तोच राहतो.)

आता तिसरं निरीक्षण. ज्या व्होल्टेजला पेशी आवेग सोडते तो तिचा उंबरठा, आणि नॅव्ह १.७ मुळातच वेदनापेशींमध्ये या उंबरठ्याचं काम करतं. ते बंद अवस्थेतून थेट निष्क्रिय व्हायला वेळ लावतं, म्हणून पेशीचं व्होल्टेज सावकाश वर येत असलं तरी ते कामाला तयार राहतं. चेतांच्या टोकांशी एखादा हलका उबारा आला, व्होल्टेज थोडं वर सरकलं, की ही लहान हालचाल नॅव्ह १.७ मोठी करून देतं. एल८५८एचमध्ये ही मोठी करण्याची ताकदच वाढली आहे. पायमोज्यांची ऊब आग का लावते, ते इथे कळतं. निरोगी माणसाच्या पायात ती हालचाल उंबरठ्यापर्यंत पोचतच नाही.

बंद होण्याचे दोन प्रकार

सोडियम चॅनेल दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी बंद होतं. रोगाचं खरं गणित या फरकात आहे, आणि लोकप्रिय लेखांमध्ये हेच सर्रास गाळलं जातं.

व्होल्टेज परत ऋण झालं की चौथी फेरी आत सरकते आणि दार मिटतं. हा पहिला प्रकार. दुसरा वेगळा. चॅनेल उघडल्यावर एक-दोन मिलिसेकंदांत, व्होल्टेज अजून वरच असताना, आतल्या बाजूने एक खिट्टी पडते. तिसऱ्या आणि चौथ्या भागाला जोडणाऱ्या पट्ट्यावरची तीन अमिनो आम्लं, आयसोल्युसिन, फेनिलॲलानिन आणि मेथिओनिन, हे काम करतात. याला निष्क्रिय होणं म्हणतात. खिट्टी पडलेली असताना व्होल्टेज कितीही वर न्या, चॅनेल उघडत नाही. पेशी पुन्हा ऋण झाली, काही वेळ गेला, तरच खिट्टी निघते. आवेग एकाच दिशेने पुढे जातो तो यामुळे : मागे राहिलेला पट्टा क्षणभर बधिर असतो. पाठ्यपुस्तकांत ही खिट्टी बुचासारखी छिद्रात जाऊन बसलेली काढतात. गेल्या काही वर्षांत चॅनेलची रचना क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दिसली तेव्हा ती तीन अमिनो आम्लं छिद्रात नव्हे, छिद्राच्या शेजारच्या खाचेत रुतलेली आढळली. ती तिथे बसली की बाजूच्या फेऱ्या दाबल्या जातात आणि छिद्र आवळतं. बुचाचं चित्र सोपं आहे, पण आता बदलायला हवं.

एल८५८एचमध्ये मुख्य बिघाड खिट्टीचा नाही, पहिल्या प्रकारचा आहे : दार लवकर उघडतं आणि मिटायला रेंगाळतं. याच जनुकात खिट्टी बिघडली तर दुसराच आजार होतो. त्यात गुदद्वाराशी, डोळ्यांत आणि जबड्यात अचानक कळा येतात, आणि त्यातले काही बदल त्या तीन अमिनो आम्लांमध्येच किंवा अगदी लागून आहेत. ८५८व्या जागेपासून ही जागा साखळीवर सहाशे अमिनो आम्लं लांब, आणि दुखण्याचं ठिकाण हातपायांऐवजी भलतंच. चॅनेल पूर्ण निकामी झालं तर काय, हेही ठाऊक आहे : २००६ साली उत्तर पाकिस्तानातल्या तीन कुटुंबांत वेदनाच न जाणवणारी मुलं सापडली, त्यांच्यात याच जनुकातून अर्धवट तुटलेलं प्रथिन बनत होतं. पुढे कळलं की अशा लोकांना वासही येत नाही.

लालीचं कोडं

आता प्रकरणाचा अडलेला भाग. वेदनापेशी अति संवेदनशील झाल्या, आग समजली. पण कातडी लाल आणि गरम का होते? रक्तवाहिन्या आवळून ठेवणाऱ्या अनुकंपी चेतापेशींमध्येही नॅव्ह १.७ असतं. त्या पेशीही अति उत्तेजित झाल्या असत्या तर रक्तवाहिन्या जास्त आवळल्या गेल्या असत्या आणि पाय फिके, गार पडले असते. प्रत्यक्षात उलट होतं.

याचं उत्तर २००६ साली मिळालं, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला तो सर्वांत सुरेख प्रयोग आहे. एल८५८एच एकदा वेदनापेशींमध्ये घातलं, एकदा अनुकंपी पेशींमध्ये. दोन्हीकडे सुरुवात सारखी झाली : बंद राहायला हवीत ती चॅनेलं अधूनमधून उघडत राहिली, सोडियम झिरपत राहिला आणि पेशीचं विश्रांतीचं व्होल्टेज काही मिलिव्होल्टने वर चढलं. पुढे वाटा फुटल्या. वेदनापेशी लहानशा धक्क्याने पेटू लागल्या आणि जास्त वेगाने आवेग सोडू लागल्या. अनुकंपी पेशी उलट मंदावल्या. त्यांना उंबरठा गाठायला जास्त धक्का लागू लागला.

कारण विश्रांतीचं व्होल्टेज चढलं की खिट्ट्याही पडतात. पेशी कायम थोडी उत्तेजित राहिली, तर तिच्यातल्या इतर सोडियम चॅनेलांपैकी बरीचशी आधीच निष्क्रिय होऊन बसतात, आणि खरी वेळ येते तेव्हा आवेग उभा करायला पुरेशी उरत नाहीत. अनुकंपी पेशींचं हेच होतं. वेदनापेशींकडे मात्र नॅव्ह १.८ हे आणखी एक सोडियम चॅनेल असतं. ते बऱ्याच वरच्या व्होल्टेजला उघडतं आणि अशा किरकोळ चढण्याने त्याची खिट्टी पडत नाही. नॅव्ह १.७ निमित्त देतं, आवेगाचा मोठा भाग नॅव्ह १.८ उचलतं. पडताळा म्हणून अनुकंपी पेशींमध्ये एल८५८एचच्या जोडीला नॅव्ह १.८ घातलं, तर त्या पेशींची गमावलेली उत्तेजनक्षमता परतली.

म्हणून ‘चॅनेल जास्त उघडतं, म्हणून पेशी जास्त उत्तेजित’ हे सरळ वाक्य टिकत नाही. तेच चॅनेल, तोच बदल, एका पेशीत भडका आणि दुसरीत मंदी. शेजारी कोणती चॅनेलं आहेत यावर निकाल ठरतो. जनुकीय अहवालात नुसतं ‘कार्य वाढवणारा बदल’ असं लिहिलेलं असतं, ते वाचताना हे लक्षात असू द्यावं : वाढतं ते चॅनेलचं कार्य, पेशीचं वाढेलच असं नाही.

गारव्याचं काय? ८५८व्याच जागी ल्युसिनऐवजी फेनिलॲलानिन आलेल्या भावंड-बदलावर तापमानाचे प्रयोग झाले. पेशी १६ अंश सेल्सियसपर्यंत गार केल्यावर सरकलेला उघडण्याचा आलेख सामान्य जागेच्या दिशेने परत सरकला. गार पाण्याचा आराम हा नुसता बधिरपणा नाही, दार खरोखर थोडं ताळ्यावर येतं. मात्र हाच आराम महागात पडतो. सतत बर्फाच्या पाण्यात पाय ठेवल्याने कातडी मऊ पडते, जखमा होतात, त्या चिघळतात. डॉक्टरांनी गारवा वापरा पण बर्फात बुडवू नका असं बजावण्याचं कारण हे.

औषध कुठे बसतं

लिडोकेन किंवा मेक्सिलेटिन ही सोडियम चॅनेल अडवणारी औषधं छिद्राच्या आतल्या बाजूला बसतात, आणि उघड्या व निष्क्रिय चॅनेलांना ती बंद चॅनेलांपेक्षा जास्त घट्ट धरतात. वारंवार उघडणाऱ्या चॅनेलावर पकड जास्त, हे तत्त्व इथे सोयीचं आहे. मेक्सिलेटिनने काही रुग्णांना चांगला फायदा झाला, पण सगळ्यांना नाही, कारण बदल कुठल्या जागी आहे त्यावर औषध लागू पडणं अवलंबून असतं. एन३९५के नावाच्या बदलात लिडोकेनची पकडच सैल होते. व्ही४००एम बदल असलेल्या कुटुंबात कार्बामॅझेपिन उपयोगी पडलं, आणि प्रयोगशाळेत पाहिलं तर त्या औषधाने उघडण्याचा सरकलेला आलेख जवळपास जागेवर आणला होता. एवढा सरळ हिशेब क्वचितच जमतो.

फक्त नॅव्ह १.७ ला अडवणारी औषधं खूप आशेने बनवली गेली. तर्क बिनतोड वाटत होता : या चॅनेलाशिवाय माणसाला वेदना होत नाही, मग ते अडवा. सर्वसाधारण वेदनेच्या चाचण्यांमध्ये त्यांनी बहुतेक निराशा केली. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेत तीव्र वेदनेसाठी सुझेट्रिजिनला मान्यता मिळाली, ते अडवतं नॅव्ह १.८ ला. वरच्या प्रयोगातला जोडीदार तो हाच. जन्मजात एरिथ्रोमेलाल्जियासाठी मात्र ही मान्यता नाही.

सरकणं जितकं कमी तितका त्रास उशिरा सुरू होतो, असा ढोबळ नियम सांगता येतो. क्यू१०आर बदलात आलेख साधारण ५ मिलिव्होल्टच सरकतो आणि लक्षणं किशोरवयात दिसली. पण एकाच घरात तोच बदल असूनही त्रास वेगळा, असंही होतं. एस२४१टी बदल असलेल्या एका आई-मुलाचा २०१९ साली बारकाईने अभ्यास झाला. दोघांमध्ये तेच बिघडलेलं नॅव्ह १.७, पण आईच्या मानाने मुलाला वेदना कितीतरी कमी. त्यांच्या रक्तपेशींपासून चेतापेशी वाढवल्या तेव्हा मुलाच्या पेशी विश्रांतीत जास्त ऋण होत्या. त्याच्या एका पोटॅशियम चॅनेलमध्ये (केव्ही ७.२) वेगळा बदल होता. तो बदल ते चॅनेल सहज उघडू देतो, पोटॅशियम बाहेर जातो आणि पेशी उंबरठ्यापासून खाली खेचली जाते. सोडियमचं दार सैल, पण पोटॅशियमचंही.

मग असंच पोटॅशियम चॅनेल उघडणारं औषध द्यावं, हा विचार ओघाने येतो. तसं औषध होतंही : रेटिगाबिन, अपस्मारासाठी. कातडीवर आणि दृष्टिपटलावर रंग चढत असल्याचं आढळल्यावर त्याचा वापर घटत गेला आणि २०१७ साली ते बाजारातून गेलं.